गोळीचं पथ्य

उंदराच्या बिळात काठी घालून नवलने ती दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा मातीबरोबर पांढऱ्या गोळ्या बाहेर घरंगळल्या. आधी त्याला वाटलं, चुन्याचे खडे असतील. भाड्याचं घर, धाब्याचं, जुन्या मातीच्या भिंतींचं. अशा भिंतींतून काय निघेल सांगता येत नाही. रविवार होता, शाळेला सुट्टी होती. निर्मला रमिलाला घेऊन दळण आणायला गिरणीवर गेली होती, आणि पेटीमागचं हे बीळ काचा आणि चिखल घालून बुजवायचं त्याने आठवड्यापासून ठरवलं होतं. त्याने एक खडा उचलला, धोतराला पुसला, उजेडाकडे धरला. मधोमध रेघ होती. ती रेघ ओळखायला त्याला चष्मा लागला नाही. तीन वर्षं, सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन, अशा याच गोळ्या त्याने स्वतःच्या हाताने मोजून पोरीच्या तळहातावर ठेवल्या होत्या. त्याने पुन्हा काठी घातली. आणखी आल्या. काही नव्या असाव्यात तशा पांढऱ्या, काही पिवळसर, काही थुंकी लागून एकमेकींना चिकटून दगड झालेल्या. गणिताचा मास्तर, मोजायला बसला. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्याने मोजणं सोडलं. बीळ अजून रिकामं झालेलं नव्हतं. उंदराने एकाही गोळीला तोंड लावलं नव्हतं.

त्याने एक गोळी जिभेवर ठेवून पाहिली. पहिल्या दिवशीही अशीच पाहिली होती. आधी आंबट, चिंचेचा चोथा चघळावा तशी. मग मागाहून तोंडभर पसरणारी, आटून आटून दाट झालेल्या डाळीच्या पाण्यासारखी एक चव. सुरतेचा डॉक्टर म्हणाला होता, डाळीतच असतं हे. डाळीत, गव्हात, दुधात. ग्लुटामिक ॲसिड. नाव त्याने नवलच्या वहीत स्वतः लिहून दिलं होतं. “आ तो मगजनो खोराक छे, मास्तर,” मेंदूचं अन्न. सगळ्यांना ते जेवणातून मिळतं, पण काही मुलांच्या मेंदूची भूक मोठी असते, त्यांना वरून द्यावं लागतं. परदेशात अशी मंद मुलं या गोळीने हुशार झाल्याचं छापून आलं आहे. नवलने मान हलवली होती. भूक मोठी. हे त्याला फार आवडलं होतं. आपल्या पोरीत काही कमी नाही, उलट काही जास्त आहे, असं कोणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं. सुरतेहून परतताना गाडीत रमिला खिडकीच्या गजाला गाल लावून झोपली होती आणि तो तिच्या डोक्याकडे पाहत होता. जिल्ह्याचं नाव तेव्हा अजून पश्चिम खानदेश होतं. ती नऊ वर्षांची होती आणि पंधराच्या पुढे तिला मोजता येत नव्हतं. हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या नवल गुरुजींची एकुलती एक मुलगी. पोरं फळ्याच्या कोपऱ्यात पंधराचा आकडा काढून ठेवायची, आणि नवल तो पुसून धडा सुरू करायचा.

डॉक्टरने आणखी एक सांगितलं होतं. गोळी दिल्यावर तासभर तिला शिकवा, औषध मेंदूत चढायला वेळ लागतो, घाई करू नका. त्या तासाची नवलला सवय लागून गेली. गोळी तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा, आणि मग समोर बसायचं. रमिला प्रश्न ऐकून गप्प राहायची तेव्हा त्याला वाटायचं, आता चढतं आहे. त्या गप्प राहण्यात काहीतरी काम चाललेलं आहे, पिठाच्या गिरणीत धान्य ओतल्यावर पीठ खाली पडेपर्यंत थांबावं तसं आपण थांबायचं. सहा महिन्यांनी ती वीसपर्यंत गेली. वर्षाने शंभर. दुसऱ्या वर्षी पाढे. यंदाच्या स्नेहसंमेलनात त्याने तिला व्यासपीठावर उभं केलं, तिने बाराचा पाढा न अडखळता म्हटला आणि टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर नवलने पालकांना दहा मिनिटं गोळीविषयी सांगितलं. विज्ञान कुठे गेलं आहे ते सांगितलं. त्यानंतर लोक यायला लागले. शहाद्याहून, तळोद्याहून, कोणी कोणी पत्रं पाठवली. त्याने सगळ्यांना उत्तरं लिहिली, सुवाच्य अक्षरात, गोळीचं नाव अधोरेखित करून. आणि बाराचा पाढा म्हणणाऱ्या पोरीच्या पोटात तेव्हा गोळी नव्हतीच. ती इथे होती, भिंतीत.

मग पाढा कोणी म्हटला? हा प्रश्न त्याच्या मनात आला तसा तो उठून उभा राहिला. बसवेना. रमिलाने म्हटला, हे उत्तर सोपं होतं, आणि त्याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण आनंदाच्या जागी छातीत काहीतरी खरखरत होतं, आपण कोणालातरी तीन वर्षं भलतंच काही शिकवत होतो आणि तो मात्र दुसरंच शिकला, असं काहीतरी. दारात पावलं वाजली. निर्मला डोक्यावरचा पिठाचा डबा उतरवत आत आली. मागे रमिला होती. तिने पेटी सरकलेली पाहिली, भिंतीजवळचा ढीग पाहिला, आणि आवाज न करता परसात निघून गेली.

निर्मलाने डबा खाली ठेवला. पदराने कपाळावरचं पीठ पुसलं. ती दचकली नाही, हे आधी नवलच्या लक्षात आलं नाही, मग आलं.

“तुले माहीत व्हतं?”

“हा.”

“कव्हयपासून?”

“मांगला पोयाना सनपासून. तिले उलटी व्हये. तोंडमा धरी ठेवे, तुम्ही पाटीकडे देखा का काढी टाके. मी एक दिन देखं.”

“आनि माले सांगं नही?”

निर्मलाने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि इतका वेळ ती त्याच्याकडे सरळ पाहत राहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. “सांगती तं तुम्ही गोयी बंद करतात,” ती म्हणाली. “गोयी सुरू व्हयनी आनि तुम्हना हात बंद व्हयना. मी गोयीले कसाले बंद करू?”

एवढं बोलून ती पीठ चाळायला बसली. चाळणीचा आवाज सुरू झाला. नवलने कोट चढवला, टोपी घातली आणि तो बाहेर पडला.

कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. पाय चालत होते. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मिरच्या वाळत घातल्या होत्या. लांबच लांब लाल पथाऱ्या, त्यांच्यामधून तोंडाला फडकी बांधलेल्या बाया मिरच्या उलटवत फिरत होत्या. वारं आलं की सगळं रान खोकायचं. तो पथारीच्या कडेने चालत राहिला, नाकात आग भरू देत. हात बंद झाला. किती साधं वाक्य. जणू घड्याळ बंद झालं, दुकान बंद झालं. त्याने तो उजवा हात कोटाच्या खिशात घातला, पुन्हा काढला. हा हात बंद केल्याचं त्याला कधी जाणवलंच नव्हतं. मनात कुठला निश्चय झाला नव्हता, पश्चात्ताप झाला नव्हता. फक्त थांबण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. औषध चढेल म्हणून थांबायचं. आणि त्याआधी? त्याआधीचं त्याने आठवलंच नव्हतं, इतक्या सफाईने की ते आता आठवलं तर दुसऱ्याच कोणाचं वाटावं. सुरतेला जाण्याच्या आधीची दिवाळीची सुट्टी. दुपारची वेळ. पंधराच्या पुढे काय? पंधरा. पंधराच्या पुढे? पंधरा. सातव्यांदा ती पंधरा म्हणाली तेव्हा पाटीची चौकट तिच्या तोंडावर बसली होती. आपण मारली असं त्याने मनाशीसुद्धा म्हटलं नव्हतं, बसली असंच म्हटलं होतं. ओठ फुटला. ती रडली नाही. ती रडली नाही म्हणून तो घाबरला आणि त्याने विचारलं, बाळ, तुझं नाव काय? सोळा, ती म्हणाली. नाव विचारतोय, नाव. सोळा. पाणी देऊ का? सोळा. संध्याकाळपर्यंत ती प्रत्येक गोष्टीला सोळा म्हणत होती, आणि निर्मला तिला मांडीवर घेऊन बसली होती. दुसऱ्या आठवड्यात त्याने सुरतेच्या डॉक्टरचा पत्ता मिळवला. पोरीसाठी मिळवला, असं तो इतकी वर्षं समजत होता.

खोकत खोकत तो बाजाराच्या रस्त्याला लागला. शांतीलालचं औषधाचं दुकान रविवारी अर्धं उघडं असायचं. शांतीलाल आत फळीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. नवलने विचारलं, या गोळ्या अजून कोणकोण नेतं? डॉक्टर कोण लिहून देतात?

“डॉक्टर लोक आते लिखतस कोठे, गुरुजी?” शांतीलाल म्हणाला. “गावमाथून एक बी नही. कंपनीना माणूस बी म्हने, पहिलेसारखं काई राहिनं नही यामा. पन जो येस तो तुम्हनं नाव सांगस, म्हनीसन मी ठेवस.”

“गुण येतो का?”

शांतीलालने वर्तमानपत्र खाली केलं. “ते तुम्हले माहीत. तुम्हनी पोरले गुन उना ना?”

नवल वळला. आपण हो म्हणालो की नाही, हेही त्याला दुकानाची पायरी उतरल्यावर आठवेना. घरी आला तेव्हा ओसरीत पांढरं शुभ्र धोतर नेसलेला एक गृहस्थ बसला होता, आणि त्याच्याशेजारी निळ्या परकरातली एक मुलगी. मुलगी ओसरीच्या खांबाला बोटाने चाचपत होती, वर, खाली, वर. निर्मलाने त्यांना चहा दिला होता. गृहस्थ उठून उभा राहिला. त्याने सांगितलं की तो ब्राह्मणपुरीचा भाईदास, गुजर, गुरुजींचं पत्र त्याला मिळालं होतं; पहाटेच निघून तापी ओलांडून आला.

“ही मन्ही गुलाब. धा वरीसनी शे. सांगो तितलं इसरी जास. मास्तर मारस, मी मारस, काई फरक नही. तुम्हनी पोरनं समदा मुलखमा नाव व्हयनं, म्हनीसन म्हनं तुम्हले भेटीसनच गोयी लेवो.”

नवल खाली बसला. मास्तर मारस, मी मारस. भाईदासने ते पाऊस पडतो, ऊन पडतं अशा सुरात म्हटलं होतं. आतल्या दारात रमिला उभी असल्याचं नवलला पाठीने कळलं. त्याला वाटलं, आता बोललो नाही तर पुढे कधीच बोलणार नाही. तो आत गेला, ढिगातल्या गोळ्या पितळी ताटात भरून घेऊन आला आणि ताट भाईदासच्या पुढ्यात ठेवलं.

“भाईदासभाऊ, गोयीमा काई नही. मन्ही पोरनी वर्सभर गोयी खादीच नही. ह्या देखा.”

भाईदासने ताटात पाहिलं. “मंग ती पुढे कशी गयी?”

“पहिले मी तिले मारू.” शब्द कोरडे आले, वर्गात व्याख्या सांगावी तसे. “खूप मारू. गोया सुरू व्हयन्यात तव्हय मी मारनं सोडं. तितलंच व्हयनं. दुसरं काई नही व्हयनं.”

तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो हे कोणापुढे बोलला होता, आणि काहीतरी कोसळेल अशी त्याची खात्री होती. भाईदास आधी हसला. गुरुजी थट्टा करतात असं त्याला वाटलं असावं. मग त्याचं हसू मावळलं आणि तो हळूहळू लाल झाला.

“गुरुजी, नदी वलांडीसन उनूत आम्ही. तुम्हनी पोर चांगली व्हयनी, आते दुसरानी व्हवाले नको, आसं शे का?”

“तसं नही, भाऊ...”

“मार खावाथून कोनी येडं व्हस का? मी काय कमी मार खादा? बापनी मारं, मास्तरनी मारं. आज मन्ही वीस एकर केळी उभी शे.” त्याने उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. “ऱ्हावा द्या. शांतीलालनं दुकान माले माहीत शे. चाल वं.”

गुलाब खांब सोडून उठली. तिला एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. ती ओसरीखाली वाकून इकडेतिकडे पाहत राहिली आणि भाईदासने तिच्या मानेवर एक चापट मारली. जोरात नव्हती. सवयीची होती. जाणाऱ्या बैलाच्या पाठीवर सहज मारावी तशी. गुलाबने चप्पल शोधणं थांबवलं आणि ती एका पायात चप्पल घालून बापाच्या मागे चालायला लागली.

नवल ओसरीतच बसून राहिला. खरं बोलून झालं होतं आणि काहीच झालं नव्हतं. त्याने इतक्या जणांना पत्रं लिहिली होती. ती सगळी घरं त्याला एकदम दिसायला लागली, त्यांतले मास्तर, बाप, फुटलेल्या पाट्या. गोळी घेऊन समोर बसणारे किती आणि गोळी कोंबून शेतावर जाणारे किती, हे त्याला माहीत नव्हतं. तासाबद्दल त्याने पत्रात एक ओळ लिहिली होती की नव्हती? गोळीचं नाव मात्र अधोरेखित केलेलं होतं. मग तो उठला. ओसरीखालून दुसरी चप्पल काढली, आणि ती हातात घेऊन भर बाजारातून, गणिताचा मास्तर, पळत सुटला.

भाईदास शांतीलालच्या दुकानात उभा होता. गोळ्यांची बाटली फळीवर आली होती. नवलला धाप लागली होती. त्याने चप्पल गुलाबच्या पायाशी ठेवली.

“भाईदासभाऊ, मी खोटं बोलनू. गोयी ल्या. पन त्या गोयीले पथ्य शे.”

भाईदासच्या चेहऱ्यावरचा राग तिथल्या तिथे उतरला. “मी म्हनूच! कोनतं? तेल? आंबट?”

“गोयी दिधी का तासभर तिना सामने बठनं. तुम्ही सोता. आनि तिनावर हात उचलाना नही. तुम्ही नही, मास्तरनी बी नही. हात उचला का गोयीनं जहर व्हस.”

शांतीलालने मान वर केली. नवल त्याच्याकडे पाहू शकला नाही. भाईदास मात्र गंभीर झाला होता, वैद्यासमोर व्हावं तसा. “जहर?” त्याने विचारलं. त्याने गुलाबच्या मानेकडे पाहिलं, जिथे चापट बसली होती तिथे, आणि तिथे काही उमटलं आहे का हे पाहावं तसा तो जरा वाकला. “कितला दिन?”

“गोयी एक महिना. पुरी व्हयनी का बंद. पथ्य तिनं लगीन व्हये तवपावत.”

“मास्तरले मी सांगस,” भाईदास म्हणाला. “देखू कसा हात लावस तो.” त्याने बाटली उपरण्याच्या टोकात बांधली, दोन गाठी मारल्या. “पहिलेच का बरं सांगं नही, गुरुजी?”

ते दोघं निघाले. वळणावर गुलाबने मागे पाहिलं, पण तिच्या पाहण्यात काही अर्थ होता असं नवलला म्हणता येईना. खरं कोणी घेतलं नाही आणि खोटं उपरण्यात बांधून नेलं. ते कितपत टिकेल? एक महिना? तिच्या पोटात रोज ते आंबट सहा गोळ्यांनी जाईल, तिलाही उलट्या होतील. आपण तिला वाचवलं की आणखी एका भिंतीत बीळ पाडून दिलं, हे ठरवायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. शांतीलाल फळी पुसत होता. तो म्हणाला, “गुरुजी, पानी देऊ का?” नवलने नको म्हटलं.

दिवस कलला होता. निर्मला चुलीपुढे भाकरी थापत होती. रमिलाने रोजच्यासारखी चटई अंथरली होती, पाटी पुसून ठेवली होती. नवल समोर येऊन बसला. पाण्याचा पेला भरलेला नव्हता. तिने तळहात पुढे केला नाही. ओसरीतलं सगळं तिने ऐकलं होतं हे त्याला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे तिलाही कळलं असावं, पण तिने त्याविषयी काही विचारलं नाही. चुलीपाशी थापण्याचा आवाज थांबला.

“चौदा सक?” नवलने विचारलं.

रमिला गप्प राहिली. या गप्प राहण्याशी त्याची तीन वर्षांची ओळख होती, पण आज ती ओळख लागेना. आज त्यात काहीही चढत नव्हतं. तिथे फक्त एक बारा वर्षांची मुलगी होती आणि एक बाप होता. वेळ जात होता. मांडीवर ठेवलेला त्याचा हात आतून तापायला लागला, मिरच्या चुरल्यावर तापावा तसा, आणि त्याला भीती वाटली. तिची नव्हे, स्वतःची.

“चौऱ्याहत्तर,” रमिला म्हणाली.

“परत कर.”

तिने पाटीवर काहीतरी लिहिलं, खोडलं. “शहात्तर.”

“परत,” तो म्हणाला. आवाज त्याने धरून ठेवला होता, पण तो धरलेला आहे हे ऐकू येत होतं. रमिलाने मान वर केली नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिची नजर पाटीवर नव्हतीच. ती त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती. आणि मग त्याला चटई दिसली, चटईवर ती बसली होती ती जागा दिसली, दोघांमधलं अंतर. हात पूर्ण लांब केला तर बोटांची टोकं जिथवर पोचतील, त्याच्या वीतभर पलीकडे. तीन वर्षं ती रोज तिथेच येऊन बसत होती. चटईचा तेवढा भाग घासून गुळगुळीत झाला होता.

त्याने हात मागे घेतला आणि पाठीमागे जमिनीवर टेकवला. माती गार होती. “सावकाश कर,” तो म्हणाला. “माले काई घाई नही.”

रमिलाने पाटीवर सहा वेळा चौदा लिहिले, एकाखाली एक. दोन दोनाच्या जोड्या लावल्या. ओठ हलत होते. एकदा चुकली, फडक्याने पुसलं, पुन्हा मांडलं. नवल थांबला. थांबायला काहीच कारण नव्हतं, तरी थांबला. चुलीतल्या लाकडाची ठिणगी उडाली, निर्मलाने ती पायाने दाबली असावी. शेवटी रमिलाने खाली रेघ मारली, रेघेखाली चौऱ्याऐंशी लिहिले, आणि अंगठ्याने रेघेजवळची भुकटी पुसली.

मग तिने पाटी त्याच्याकडे सरकवली. ती स्वतः होती तिथेच बसून राहिली.